भरण्यात पुन्हा पुन्हा खोटी नोट निघते? दोष गल्ल्यापाशी शोधा

दर सोमवारी मी दुकानाचा भरणा घेऊन बँकेत जाते. कॅशियर गड्डी मशीनवर टाकतो, मशीन सरसर चालतं आणि एखाद्या सोमवारी मधेच थांबतं. एक पाचशेची नोट बाजूला निघते. कॅशियर ती उजेडाकडे धरतो, कडेवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "ताई, ही नाही चालणार." मागे रांगेत दहा माणसं उभी असतात आणि सगळी माझ्याकडे बघतात.

आमच्या किराणा दुकानात हे दीड वर्षात चार वेळा झालं. तीन नोटा पाचशेच्या, एक दोनशेची, म्हणजे सतराशे रुपये गेले. साखरेच्या किलोमागे आम्हाला रुपया-दीड रुपया सुटतो. सतराशे भरून काढायला किती पोती साखर विकावी लागेल, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या भरण्यात असं एकदा झालंय त्यांना पुन्हा होण्याची शक्यता बरीच आहे, कारण नोट येण्याची वाट तीच राहते.

पहिल्या नोटेनंतर सगळे करतात तेच मी केलं, नोटा तपासायचा निळ्या उजेडाचा दिवा विकत आणला. तरीही पुढच्या तीन नोटा आल्याच. दिवा गल्ल्याच्या एका टोकाला, वीज त्याला लांबून ओढलेली, आणि संध्याकाळी सात वाजता समोर आठ गिऱ्हाइकं. कोण जातंय तिथपर्यंत? बँकेत मशीन जे ओळखतं त्यातलं बरंचसं आपल्यालाही ओळखता येतं. आपण बघतच नाही, हा खरा दोष आहे, आणि न बघण्याची वेळ कोणती ते आधी शोधावं लागतं.

आधी वेळ पकडा

चौथ्या नोटेनंतर मी एक साधी गोष्ट सुरू केली. गल्ल्यातल्या पाचशेच्या आणि दोनशेच्या नोटा दर दोन तासांनी काढायच्या, रबर लावायचं आणि वर चिठ्ठी: "मंगळवार, ५ ते ७, गल्ल्यावर भाऊजी." एवढंच. महिनाभर केलं. बँकेत जायच्या आदल्या रात्री प्रत्येक जुडी शांतपणे तपासायची. त्या महिन्यात एक संशयाची नोट सापडली आणि ती गुरुवारच्या जुडीत होती. गुरुवार आमचा आठवडी बाजाराचा दिवस. गल्ल्यावर त्या वेळी मी नव्हते, भाऊजी नव्हते, माल काढून देणारा पोरगा होता. आम्ही दोघं मागे गोडाऊनमध्ये तेलाचे डबे मोजत होतो.

मग आधीच्या नोटांचं आठवायला बसलो. ज्या दोन आठवल्या त्याही अंधार पडल्यावर आलेल्या, आणि दोन्ही वेळा खरेदी लहान होती. वीस-तीस रुपयांचा माल, पुढे पाचशेची नोट, चारशे सत्तर परत. खोटी नोट चालवणाऱ्याला माल नको असतो, सुट्टे हवे असतात, हे लक्षात ठेवा. अर्थात लहान खरेदीला मोठी नोट देणारा प्रत्येक माणूस लबाड नसतो. पगाराच्या आठवड्यात सगळ्यांकडे पाचशेच असते. संशय माणसावर घ्यायचाच नाही. लहान खरेदी आणि मोठी नोट अशी जोडी आली की डोळे उघडे ठेवायचे, मग समोर कोणीही असो.

तुमच्या दुकानाची वेळ वेगळी असेल. मेडिकलवाल्याला रात्री दहानंतर, पेट्रोल पंपावर पहाटे, कपड्याच्या दुकानात दिवाळीच्या आधीच्या रविवारी. चिठ्ठीची युक्ती महिनाभर करून बघा, तुमचा गुरुवार तुम्हाला सापडेल.

आणखी एक कारण मला नंतर उमगलं. आता आमच्याकडे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मोबाइलने पैसे देतं. नोटा कमी झाल्या म्हणजे धोका कमी झाला असं वाटतं. पण माझे सासरे दिवसाला शेकडो नोटा मोजायचे, त्यांच्या बोटांना कागद पाठ होता. आमच्या बोटांची ती सवय गेली. पोराच्या हाताला तर ती कधी लागलीच नाही.

धोका कमी झालेला नाही, हे रिझर्व्ह बँकेचे आकडेही सांगतात. २०२४-२५ च्या वार्षिक अहवालात बँकांमध्ये सापडलेल्या बनावट नोटा २ लाख १७ हजारांवर आहेत, आणि त्यांत पाचशेच्या १ लाख १७ हजारांवर. पाचशेच्या बनावट नोटांचा आकडा आदल्या वर्षापेक्षा ३७ टक्क्यांनी वाढला. हे फक्त बँकेपर्यंत पोचलेल्या नोटांचं मोजमाप.

हातात नोट आली की

आमच्या गल्लीत एक काका राहतात. नाशिकरोडच्या नोटा छापण्याच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. दुसरी नोट पकडली गेली तेव्हा मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, एक खरी पाचशेची नोट हातात दिली आणि म्हणाले, "डोळे मिट. आता अंगठा डाव्या कडेवरून खाली आण." अंगठ्याला बारीक तिरप्या रेघा लागल्या. "मोज." पाच होत्या. उजव्या कडेवरही पाच. मग दोनशेची नोट दिली: चार रेघा, आणि मधे दोन ठिपके. शंभरच्या नव्या जांभळट नोटेवर नुसत्या चार. या रेघा आणि गांधीजींचं चित्र उठावाच्या छपाईचं असतं, शाई कागदावर उभी राहते. या खुणा ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी केलेल्या आहेत, पण गर्दीत नोट घेताना आपणही आंधळेच असतो. नोट घेताना अंगठा कडेवरून ओढायला एक सेकंदही लागत नाही आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही. घरच्या प्रिंटरवर काढलेली नोट इथे सपाट, गुळगुळीत लागते.

एक सांभाळायचं: वापरून मऊ झालेल्या खऱ्या नोटेवरही हा उठाव झिजतो. म्हणून उठाव लागला नाही तर नोट लगेच खोटी ठरवायची नाही, दुसरी खूण बघायची.

दुसरी खूण म्हणजे नोट हलवणं. पाचशेच्या नोटेवर उजवीकडे खाली रुपयाच्या चिन्हासकट ५०० लिहिलेलं असतं. समोर धरलं की हिरवं, तिरपं केलं की निळं. मधल्या धाग्याचाही रंग तसाच हिरव्यातून निळ्यात जातो. छापलेला रंग कितीही चांगला असला तरी तो बदलत नाही. दोनशेलाही हेच. पण शंभरच्या नोटेत फक्त धागा रंग बदलतो, अंक बदलत नाही. हे माहीत नसल्यामुळे आमच्या पोराने एका म्हाताऱ्या मावशींची अस्सल शंभरची नोट परत केली होती. त्यांची माफी मागायला मला त्यांच्या घरी जावं लागलं.

धाग्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझ्या चारपैकी तीन नोटांत तिथेच पाप होतं. खरा धागा कागदात विणल्यासारखा असतो. समोरून बघितलं तर तुकड्यातुकड्यांनी वर आलेला दिसतो, उजेडाकडे धरला की सलग एक रेघ. त्यावर 'भारत' आणि इंग्रजीत आरबीआय अशी अक्षरं असतात. तिसरी नोट बँकेत देण्याआधी मी रात्री ट्यूबलाइटखाली घेऊन बसले होते. धागा चकचकीत हिरवा, दिसायला खऱ्यापेक्षा छान. नखाने त्याची कड उचलली आणि आख्खी पट्टी सोलून हातात आली, खाली साधा पांढरा कागद. कोणीतरी बसून चमकीची पट्टी डकवली होती. लांबून ती दिसतच नाही. नख लावायला मात्र अर्धा सेकंद पुरतो.

संशय तरीही राहिला तर नोट उजेडाकडे धरा. उजवीकडच्या कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० हा आकडा कागदाच्या आत उमटतो, यालाच वॉटरमार्क म्हणतात. खोट्या नोटेत हा चेहरा बहुतेकदा करड्या किंवा पांढुरक्या शाईने वरून छापलेला असतो, त्यामुळे उजेडाकडे न धरताही दिसतो. वॉटरमार्क उजेडाकडे न धरताच ठळक दिसायला लागला तर थांबा. नंबरही बघून घ्या: अगदी सुरुवातीची तीन अक्षरं-आकडे एका मापाची आणि पुढचे आकडे क्रमाने मोठे होत जातात. एकाच दिवसाच्या गल्ल्यात दोन नोटांवर एकच नंबर दिसला तर दोन्ही बाजूला काढा.

एप्रिल २०२५ मध्ये पाचशेच्या अशा बनावट नोटांबद्दल इशारा आला होता ज्यांत इंग्रजीत 'रिझर्व्ह' लिहिताना दुसऱ्या 'ई'च्या जागी 'ए' पडलेला होता. बाकी नोट फार सफाईदार होती म्हणतात. अशी चूक सापडली तर उत्तमच, पण स्पेलिंग वाचत बसण्याची सवय दुकानात टिकत नाही. बोट आणि नोट तिरपी करणं, या दोन सवयी टिकतात.

दिवा आणि मशीन कुठे फसवतात

निळ्या उजेडाच्या दिव्याला मी नावं ठेवत नाही, पण तो काय सांगतो ते समजून घ्या. नोटेचा कागद कापसाच्या लगद्याचा असतो आणि त्या दिव्याखाली तो काळपट, निस्तेज राहतो. त्यात नंबर आणि कागदातले बारीक रंगीत तंतू तेवढे चमकतात. बाजारातला साधा पांढरा कागद मात्र निळसर उजळतो, कारण तो शुभ्र दिसावा म्हणून त्यात रसायन घातलेलं असतं. म्हणून सबंध नोट ट्यूबलाइटसारखी पेटली की आपण ती खोटी म्हणतो.

इथेच घोटाळा. खिशात राहून धुण्यात गेलेली खरी नोटही पेटते. कपड्याच्या पावडरीतही तेच उजळवणारं रसायन असतं आणि ते कागदात उतरतं. आमच्याकडे एका रिक्षावाल्या दादांची नोट अशीच पेटली होती. तिरपी केली तर अंक हिरव्याचा निळा झाला, धागा बरोबर, कडेच्या रेघा बोटाला लागत होत्या. नोट खरी होती, फक्त धुतलेली. उलट बाजूनेही फसगत होते. न उजळणारा कागद मिळवून छापलेली नोट दिव्याखाली शांत राहते. तेव्हा एकट्या दिव्यावर निकाल देऊ नका, आणि दिवा ठेवायचाच तर गल्ल्याच्या शेजारी, सावलीत, हात पोचेल असा ठेवा. उन्हात तो काही दाखवत नाही.

आयोडिनचा पेन मिळतो, साध्या कागदावर छापलेल्या खोट्या नोटेवर रेघ ओढली की त्या कागदातल्या खळीमुळे डाग काळा पडतो, असा. त्याच्या नादी लागू नका. खळ नसलेला कागद वापरला की पेन निकामी होतो.

नोटा मोजायचं मशीन घेणार असाल तर नुसता दिवा असलेलं घेऊ नका. चुंबकीय शाई आणि इन्फ्रारेड दोन्ही तपासणारं घ्या, आणि नवी छपाई आली की त्याचा प्रोग्राम बदलून मिळतो का ते घेतानाच विचारा. लहान दुकानाला मशीनची गरज पडत नाही असं माझं मत आहे. दिवसाला पन्नास-साठ मोठ्या नोटा असतील तर बोटं पुरतात. मोबाइलवरच्या ॲपने नोट खरी-खोटी कळते असंही कोणी कोणी सांगतं. रिझर्व्ह बँकेचं 'मणी' नावाचं ॲप २०२० मध्ये आलं, पण ते अंध व्यक्तींना नोट किती रुपयांची आहे ते बोलून सांगण्यासाठी आहे. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही.

खरी नोट, पण खोटी वाटते

हेही सारखं होतं, आणि गिऱ्हाईक उगाच दुखावतं. नंबरच्या मधे तारा असलेली नोट खरी असते. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी दिलेली ती बदली नोट. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे मुद्दाम स्पष्ट केलं, तरी अजून दुकानात वाद होतात. पाचशेच्या नोटेत हिरवा धागा गांधीजींच्या जवळ असला तर खोटी, गव्हर्नरच्या सहीजवळ असला तर खरी, असा एक मेसेज फिरत असतो. तो चुकीचा आहे, दोन्ही नोटा चालतात. शंभराची जुनी निळसर नोटही चलनात आहे. तिच्यावर नव्या नोटेच्या खुणा शोधू नका.

दोन हजारची नोट १९ मे २०२३ रोजी वितरणातून काढून घेतली. ती कायदेशीर चलन आहे, पण आता बँकेच्या शाखेत बदलून मिळत नाही, रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत द्यावी लागते. महाराष्ट्रात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत. आम्ही ती नोट घेत नाही आणि कारण सांगतो.

चिकटपट्टी लावलेल्या नोटेचं मात्र सांभाळा. नंबर वर डावीकडे आणि खाली उजवीकडे असा दोन ठिकाणी असतो, म्हणजे मधोमध फाटलेल्या नोटेच्या दोन्ही तुकड्यांवर एकेक नंबर येतो. दोन्ही जुळले पाहिजेत. दोन वेगळ्या नोटांचे तुकडे जोडून तिसरी केलेली मी स्वतः बघितली आहे. ती पट्टी इतकी रुंद लावली होती की नंबरच झाकला जाईल. नंबरावर पट्टी आली की नोट घ्यायची नाही, बँकेतून बदलून आणा म्हणायचं.

गिऱ्हाइकाला कसं सांगायचं

संशयाची नोट नाकारायचा आपल्याला हक्क आहे. पण नोट हातात घेऊन गल्ल्यात टाकली, सुट्टे दिले आणि मग ओरडलात तर तुमचंच चुकलं. ती त्यांनीच दिलेली नोट आहे याचा काय पुरावा? म्हणून आमच्या काउंटरवर एक स्टीलची ताटली ठेवली आहे. पाचशे-दोनशेची नोट आधी ताटलीत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. सुट्टे मोजून दिले, त्यांनी मोजून घेतले, मग नोट गल्ल्यात. यामुळे "मी पाचशे दिले होते, तुम्ही दोनशेचे सुट्टे दिले" हाही वाद संपला. ताटली आल्यापासून पोरगासुद्धा नोट नीट बघतो, कारण ती त्याच्यासमोर उताणी पडलेली असते.

परत देताना आमचं वाक्य ठरलेलं आहे: "दादा, ही नोट आमच्याकडून बँकेत जात नाही, दुसरी द्या ना, नाहीतर मोबाइलवर करा." खोटी हा शब्द उच्चारायचा नाही. शंभरातले बहुतेक लोक बिचारे स्वतःच फसलेले असतात. मागच्या पावसाळ्यात एक आजी आल्या, घरकाम करणाऱ्या. महिन्याच्या पगारातली नोट होती, धागा डकवलेला. मी नोट परत करून मोकळी झाले असते तर त्या पुढच्या दुकानात गेल्या असत्या, आणि तिथे कोणी पोलिसांना बोलावलं असतं तर? मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि ज्यांच्याकडून पगार मिळाला त्यांना फोन लावून दिला. त्या बाईंनी नोट बदलून दिली आणि खोटी नोट स्वतः बँकेत नेऊन दिली. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, पण फोन लावून बघायला काय जातं.

एखादा माणूस नोट परत दिल्यावर न बोलता झटकन निघून जात असेल, किंवा दुसऱ्याच खिशातून दुसरी तसलीच नोट काढत असेल, तर त्याच्या मागे धावू नका, अडवू नका. चेहरा, गाडीचा नंबर, वेळ लिहून ठेवा, कॅमेरा असेल तर ते चित्रीकरण जपून ठेवा आणि ११२ ला फोन करा.

गल्ल्यातच सापडली तर

इथे लोक सगळ्यात मोठी चूक करतात. ती नोट भाजीवाल्याला, टपरीवर, देवळाच्या पेटीत कुठेतरी "काढून टाकतात". तुमचा तोटा झाला म्हणून तो दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. माणुसकी बाजूला ठेवली तरी कायदा बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १७९ सांगतं की नोट खोटी आहे हे माहीत असताना, किंवा तसं समजायला कारण असताना ती खरी म्हणून चालवली तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाचशे रुपयांसाठी हे? कलम १८० चालवण्याच्या हेतूने जवळ बाळगण्याबद्दल आहे, सात वर्षांपर्यंत. पण त्याच कलमात स्पष्टीकरण आहे की नोट कायदेशीर मार्गाने हाती आली हे दाखवता आलं तर तो त्या कलमाखालचा गुन्हा होत नाही. म्हणूनच मी वर चिठ्ठ्यांचा एवढा आग्रह धरला. "गुरुवार, ५ ते ७, दुकानाच्या विक्रीतून" ही दोन ओळींची नोंद तुमचं म्हणणं उभं करते.

तेव्हा सापडलेली नोट फाडू नका, जाळू नका, त्यावर लिहू नका. पाकिटात घाला, पाकिटावर तारीख-वेळ लिहा, नंबर वहीत उतरवा आणि पहिल्या कामाच्या दिवशी बँकेत किंवा पोलीस ठाण्यात द्या.

जाता जाता दुकानदारांसाठी एक: दिवाळीच्या योजनेची कूपनं पाचशेच्या नोटेसारखी छापून घेतात काही जण. कलम १८२ खाली नोटेसारखा दिसणारा कागद छापणं-वापरणंही गुन्हा आहे. कूपन फुलाचं छापा, गणपतीचं छापा, नोटेचं नको.

बँकेत काय व्हायला हवं

माझ्या दुसऱ्या नोटेच्या वेळी कॅशियरने ती माझ्या हातात परत ठेवली आणि हळूच म्हटलं, "जिथून आली तिथे देऊन टाका." त्याला वाटलं तो माझं भलं करतोय. शाखेचं नाव सांगत नाही, पण ते वागणं नियमाविरुद्ध होतं, आणि मला नियम माहीत नव्हता म्हणून मी नोट घेऊन घरी आले. तीन दिवस ती पर्समध्ये होती. पर्स उघडली की छातीत धस्स व्हायचं. मग मी पुन्हा गेले आणि मॅनेजर साहेबांसमोर ती ठेवली.

नियम असा आहे. काउंटरवर आलेली नोट बनावट ठरली की बँकेने ती जप्त करायची, तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारायचा, वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ती नोट देणाऱ्याला ठरलेल्या नमुन्यात पावती द्यायची. तुम्ही सही करायला नकार दिलात तरी पावती द्यायचीच. नोट परत द्यायची नाही आणि नष्टही करायची नाही. नोट परत देणारी किंवा जप्त न करणारी बँक स्वतःच दोषी धरली जाते. त्या नोटेचे पैसे मात्र तुमच्या खात्यात जमा होत नाहीत आणि भरपाईही मिळत नाही. हे कडू आहे पण तसंच आहे, त्यामुळे काउंटरवर भांडून उपयोग नाही. पावती मात्र मागून घ्या आणि वहीत चिकटवा. आमच्या वहीत अशा चार पावत्या आहेत.

एका भरण्यात चारपर्यंत नोटा सापडल्या तर बँक महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्र अहवाल देते, तुम्हाला सहसा कोणी बोलावत नाही. पाच किंवा जास्त सापडल्या तर लगेच पोलिसांत जातं आणि गुन्हा नोंदवला जातो. दोन-तीन आठवड्यांचा भरणा साठवून एकदम नेण्याची सवय असेल तर या कारणासाठीसुद्धा ती सोडा. नोटा घरी तपासल्याशिवाय मोठा भरणा नेऊ नका. पोलिसांनी विचारलंच तर घाबरून काहीबाही सांगू नका. वही, चिठ्ठ्या, त्या दिवसाची विक्री, एवढं पुढे ठेवा.

एटीएममधून नोट आली तर तिथून हलायच्या आधीच नोट तिथल्या कॅमेऱ्यासमोर दोन्ही बाजूंनी धरा, पावती जपा, पहारेकरी असेल तर त्याच्या रजिस्टरमध्ये नोंद करा आणि त्या बँकेत तक्रार द्या. घरी आल्यावर सिद्ध करणं फार अवघड जातं.

अजून एक भोक

ताटली आली, पोरगा तयार झाला, गुरुवारी गल्ल्यावर आता मी स्वतः बसते. तरी एक वाट राहिली होती, ती मला परवा दिसली. ठोक व्यापाऱ्याचा वसुलीवाला संध्याकाळी येतो, आम्ही त्याला वीस-पंचवीस हजार रोख देतो आणि तो मोटरसायकलवर पुढच्या दुकानात जातो. दुसऱ्या दिवशी फोन: "तुमच्या पैशात एक नोट खोटी होती." आमच्याच पैशात होती की पुढच्या दुकानाच्या, कोण सांगणार? आणि आम्हीही कधी त्याच्याकडून सुट्ट्यांच्या बदल्यात बंडल घेतो, ते न बघता.

आता वसुलीवाला आला की त्याला खुर्ची देते. नोटा त्याच्यासमोर एकेक तिरपी करून मोजायच्या, पाचशेच्या नोटांचे नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, आणि पावतीवर "मोजून, तपासून घेतले" असं त्याच्याच हाताने लिहून घ्यायचं. पहिल्या दिवशी तो वैतागला, दहा मिनिटं गेली त्याची. दुसऱ्या आठवड्यात त्यानेच मला सांगितलं की पुढच्या दोन दुकानांतही तो आता असंच लिहून देतो.